मे महिन्यात पुणे ते नागपूर गाडीने: दोन कुत्र्यांना घेऊन नातेवाइकांकडे मुक्काम करावा का?

रानजाई (धागाकर्ती) | १२ एप्रिल

नमस्कार मंडळी. मामांना ऐंशी पूर्ण झाली. मेच्या तिसऱ्या आठवड्यात अकोल्याला त्यांचं सहस्रचंद्रदर्शन आहे. त्या निमित्ताने पुण्याहून गाडीने निघून आधी छत्रपती संभाजीनगरला आत्याकडे मुक्काम, मग अकोल्याला मामांकडे तीन-चार दिवस आणि शेवटी नागपूरला नणंदेकडे, असा बेत आहे. दोन्ही कुत्री सोबत न्यावीत असं आम्हा दोघांनाही वाटतंय.

ब्रूनो लॅब्रेडॉर आहे, नऊ वर्षांचा. वजन जरा जास्तच, आणि घरात कुणीही आलं तरी शेपटी हलवत पुढे. चिंगी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये जन्मलेली गावठी, दोन वर्षांची. घरात लाघवी, पण अनोळखी माणूस दिसला की पलंगाखाली जाते. हातात काठी असलेल्या माणसाला तर फारच घाबरते. तशात कुणी हात पुढे केला तर गुरगुरते. आजवर कुणाला चावलेली नाही.

आता तिन्ही घरांचं सांगते. आत्याकडे सहा महिन्यांची नात आहे. नणंद सहाव्या मजल्यावर राहते, तिच्याकडे मांजर आहे. मामांचं घर जुनं, अंगण मोठं, देवघर स्वयंपाकघराला लागून. मामींचं सोवळं कडक आहे, पण त्या इतक्या मायाळू की तोंडाने कधी नाही म्हणणार नाहीत. मला उन्हाची काळजी आहेच, त्याहून जास्त काळजी मामींच्या न बोललेल्या अडचणीची आहे. मागे चिंगीला बोर्डिंगमध्ये ठेवलं होतं तेव्हा तिने अन्न सोडलं होतं, म्हणून तो मार्ग नकोसा वाटतो.

ज्यांनी असा प्रवास केला आहे, किंवा ज्यांच्याकडे पाहुणे कुत्री घेऊन आले आहेत, त्यांनी मोकळेपणाने लिहा.

वऱ्हाडी कापूस | १२ एप्रिल

ताई, मी अकोल्याचाच. आधी उन्हाचं बोलतो, कारण पुण्याच्या माणसाला त्याचा अंदाज येत नाही. मेच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्याकडे पारा ४५ च्या आसपास असतो, कधी त्याच्याही वर. सकाळी दहानंतर रस्ते ओस पडतात ते सायंकाळी सहापर्यंत. रात्री दहा वाजता भिंतीला हात लावला तरी ती गरम लागते. कुत्र्याला फिरवायला पहाटे पाच ते साडेसहा एवढीच वेळ. रात्री नऊनंतरही डांबरावर हाताची मागची बाजू टेकवून पाहायची. पाच-सहा सेकंद हात ठेववत नसेल तर पंजेही ठेववणार नाहीत.

दुसरं, कूलर. मामांकडे नक्की लोखंडी पत्र्याचा मोठा कूलर असणार. त्याच्या खाली पाणी ठिबकतं आणि कुत्रं ते चाटायला जातं, नाहीतर त्याच्या पायावर तंगडी वर करतं. अर्थिंग नीट नसेल तर पत्र्यात करंट उतरतो. आमच्या भागात दर उन्हाळ्यात माणसं यातून जातात, तिथे कुत्र्याचं काय घेऊन बसलात. पोचल्या पोचल्या कूलरचं वायरिंग तपासून घ्या, आणि कुत्र्याला त्याच्यापासून दूरच बांधा.

गोदाकाठ | १३ एप्रिल

रस्त्याबद्दल लिहितो. पुणे ते संभाजीनगर साधारण २३५ किमी. पहाटे चारला निघालात तर अहिल्यानगर मागे पडेपर्यंत ऊन चढत नाही, आणि नऊच्या आत आत्याच्या घरी. हा टप्पा सोपा आहे.

दुसरा टप्पा म्हणजे जालन्याला समृद्धीवर चढायचं, सिंदखेडराजा, मेहकर करत मालेगाव जहांगीरला उतरायचं, आणि मेडशी, पातूरवरून अकोला. समृद्धी महामार्ग माणसांसाठी वेगवान आहे, कुत्र्यांसाठी मात्र अवघड. सगळा रस्ता काँक्रीटचा, सावली नाही, आणि वाटेल तिथे कडेला थांबायची सोय नाही. गाड्या १२० च्या वेगाने जात असताना कडेला थांबून कुत्र्याला शूला उतरवणं म्हणजे जीव धोक्यात घालणं. पट्टा हातातून सुटला तर संपलंच. थांबा फक्त पेट्रोल पंपाजवळ, आणि तिथे सहसा भटकी कुत्री असतात. म्हणून चढण्याआधी जालन्यातच दोघांना नीट मोकळं करून घ्या. टायरची हवा आणि टायरचं वय दोन्ही बघा. उन्हाळ्यात तापलेल्या काँक्रीटवर जुना टायर फुटतो, आणि मागच्या सीटवर मोकळं बसलेलं कुत्रं अशा वेळी पुढच्या काचेवर जाऊन आदळतं. सीटबेल्टला अडकवायचा हार्नेस मिळतो, तो छातीचा घ्या. गळ्यातल्या पट्ट्याला बेल्ट कधीच अडकवू नका.

पातूरच्या अलीकडे घाट आणि जंगल आहे. सावली दिसली म्हणून कुत्र्यांना तिथे सोडू नका. बिबट्या हे एक कारण. दुसरं कारण आपल्याकडून सहसा सुटतं: आपल्या कुत्र्यांचे रोग रानातल्या जनावरांना लागतात. २०१८ मध्ये गीरमध्ये सिंह दगावले त्यात कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता.

पशुवैद्य लातूरकर | १३ एप्रिल

मी पशुवैद्य आहे. धागा वाचून ब्रूनोची जास्त काळजी वाटली, म्हणून सविस्तर लिहितो.

कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो अंग थंड करतो ते मुख्यतः धापा टाकून, आणि त्यासाठी आजूबाजूची हवा त्याच्या अंगापेक्षा गार असावी लागते. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असतं. बाहेर ४५ असेल तर धापेचा उपयोग फार कमी होतो. त्यात वजन जास्त, वय नऊ, जात लॅब्रेडॉर. वयस्क लॅब्रेडॉरमध्ये स्वरयंत्राचा पक्षाघात बऱ्याचदा आढळतो. त्यात श्वासाची वाट पूर्ण उघडत नाही आणि धाप लागली की घशातून घरघर येते. ब्रूनोचं भुंकणं अलीकडे घोगरं झालंय का, थोडं चालल्यावर घरघर येते का, हे बघा. तसं असेल तर मे महिन्यात विदर्भ नकोच.

उभ्या गाडीबद्दल. बाहेर फक्त २४ अंश असताना बंद गाडीत दहा मिनिटांत ३४ आणि अर्ध्या तासात ४३ पर्यंत तापमान जातं. काच दोन बोटं खाली ठेवून त्यात फारसा फरक पडत नाही. मग अकोल्याच्या मेमध्ये काय होईल ते तुम्हीच समजा. 'एसी चालू ठेवून पाच मिनिटं जेवून येतो' हेही नको, इंजिन बंद पडतं आणि आपल्याला कळत नाही. धाब्यावर दोघांनी आळीपाळीने जेवायचं, एकाने गाडीजवळ थांबायचं.

उष्माघाताची लक्षणं: न थांबणारी धाप, घट्ट चिकट लाळ, हिरड्या लालभडक आणि मग फिक्या, झोकांड्या, उलटी. अशा वेळी आधी थंड करा, मग दवाखान्यात न्या. मिळेल ते साधं पाणी अंगभर ओता आणि वारा घाला. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, त्याच्याखाली वाफ कोंडते. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका. गाडीत एसी लावून दवाखाना गाठा आणि वाटेतही पाणी शिंपडत राहा.

प्रवासात शांत राहावं म्हणून कुणाच्या सांगण्यावरून गुंगीचं औषध देऊ नका. त्याने अंगाचं तापमान सांभाळायची ताकद आणखी कमी होते. गाडी लागत असेल तर तुमच्या डॉक्टरांना विचारून उलटीचं औषध घ्या, आणि निघण्याआधी तीन-चार तास पोटभर खायला घालू नका. रेबीजची लस चालू असल्याचं पुस्तक गाडीत हवं. तान्हं बाळ असलेल्या घरी जाताय तर जंताचं औषध आणि गोचिडांवरचं औषध वेळेवर झालेलं असू द्या.

आणि घरोघरच्या पाहुणचाराबद्दल एक. शिऱ्यातला, लाडवातला बेदाणा कुत्र्याला घातक असतो. काही कुत्र्यांची थोड्याशा बेदाण्यांनीही मूत्रपिंडं निकामी होतात. कांदा-लसूणही वाईट. कौतुकाने 'घे रे बाळा' म्हणत लाडू भरवणारी आजी प्रत्येक घरात असते, तिला आधीच प्रेमाने सांगून ठेवा.

मावशीआजी | १३ एप्रिल

मी यजमानाच्या बाजूने लिहिते. माझ्याकडे भाचा, भाचेसून आणि त्यांचं कुत्रं असे येतात. मला कुत्र्यांचा तिटकारा नाही. दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्री आहेत, खंडोबाबरोबर कुत्रा आहे, आणि पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेवराय तुपाची वाटी घेऊन धावले ही गोष्ट मी नातवंडांना सांगते. पण देवाजवळ कुत्रं असणं वेगळं आणि पाहुण्याचं कुत्रं माझ्या ओट्याजवळ असणं वेगळं. हे म्हटलं की लगेच आम्हाला जुनाट ठरवतात, त्याचं वाईट वाटतं.

तुमच्या मामी नाही म्हणणार नाहीत, हे तुम्हीच लिहिलंय. मग त्यांना 'कुत्र्यांना आणलं तर चालेल ना?' असं विचारायचंच नाही. त्याला 'हो'शिवाय उत्तर नसतं. त्याऐवजी तुमची सोय आधी करा आणि मग सांगा: 'मामी, आम्ही जवळच खोली बघितली आहे, रात्री आम्ही दोघं कुत्र्यांबरोबर तिथे झोपणार. दिवसा अंगणात आणलं तर तुम्हाला कोणत्या वेळी सोयीचं होईल?' आता त्यांना काहीही नाकारावं लागत नाही. फक्त वेळ सांगायची. मनात असेल तर त्या आपण होऊन म्हणतील, खोली कशाला, इथेच राहा. नसेल मनात, तर त्यांचा जीव मोकळा होईल.

अजून एक. मे महिना वाळवणांचा. गच्चीवर पापड, कुरडया, सांडगे पसरलेले असतात. आमच्याकडे ते कुत्रं गच्चीवर गेलं आणि कुरडयांवरून चालत आलं. बिचाऱ्याला काय कळतंय. पण पहाटे तीनला उठून चीक शिजवलेला असतो हो. मी कुणाला काही बोलले नाही, आणि ते सगळं फेकून दिलं. यजमानीण बोलत नाही याचा अर्थ तिला काही झालं नाही असा नसतो. गच्चीचं दार बंद राहील ही जबाबदारी कुत्र्याच्या माणसाने घ्यायची.

निशिगंध | १४ एप्रिल

माझं मत कदाचित आवडणार नाही, पण लिहिते. हा सोहळा मामांचा आहे. ऐंशी वर्षांचे गृहस्थ, हातात बहुधा काठी. घरात शंभर माणसं, मांडव, आचारी, मुलांची धावपळ. आणि चिंगी काठीवाल्या माणसाला घाबरते. आजवर चावली नाही, कारण तिला पळायला पलंगाखालची जागा होती. भरल्या घरात ती जागा नसेल. गुरगुरणं म्हणजे ती 'जवळ येऊ नका' असं सांगतेय, आणि लग्नकार्याच्या गोंधळात ते कुणी ऐकत नाही.

समजा काही झालंच, तर ते कुत्र्याच्या माथी जन्मभर बसतं आणि नात्यातही राहतं. कुणाला दात लागला तर लसीकरण झालेलं असलं तरी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि सरळ सरकारी दवाखान्यात जायचं, रेबीजची लस तिथे मोफत मिळते. वर हळद, तिखट, चुना लावणारे अजूनही आहेत, त्यांना अडवायचं. सहस्रचंद्रदर्शनाच्या दिवशी मामांच्या घरात हे व्हावं असं तुम्हाला तरी वाटेल का?

बोर्डिंग नको तर घरीच कुणीतरी ओळखीचं राहायला येऊ शकत नाही का? त्यांचीच जागा, तेच पांघरूण, तोच वास. कुत्र्याला आपण जितके हवे असतो तितकीच जागाही हवी असते.

शेवंती | १४ एप्रिल

निशिगंध, तुमचा मुद्दा पटतो, पण कुत्री घरी ठेवा हे कायमचं उत्तर नको. आम्ही सोलापूर-हैदराबाद असे नातेवाईक करत फिरतो आणि ब्रूनोसारखा कुत्रा घरात आला की एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या चेहऱ्यात होणारा फरक मी बघितलाय. माझे सासरे कुणाशी फारसं बोलत नाहीत, कुत्र्याशी बोलतात. कार्याचं घर आणि एरवीचं घर यात फरक करा, इतकंच.

नणंदेच्या मांजराबद्दल: पोचल्याबरोबर दोघांना समोरासमोर आणू नका. मांजराला एक खोली, तिचं खाणं आणि मातीचा ट्रे आतच, दार बंद. आधी कुत्र्याचं पांघरूण मांजराच्या खोलीत आणि मांजराचं कुत्र्याजवळ, म्हणजे वासाची ओळख होते. मग दाराच्या फटीतून, आणि कुत्रा पट्ट्याला असतानाच भेट. दोन रात्रींच्या मुक्कामात ओळख झाली नाही तरी बिघडत नाही. मांजर तिथली मालकीण आहे, तिने आपल्याच घरात लपून राहावं हे बरोबर नाही.

लिफ्टवरून कटकट होऊ शकते. भारतीय पशु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना पाळीव प्राण्यांना लिफ्टबंदी करू नये असंच सांगतात. पण तुम्ही दोन दिवस येणार, नणंदेला तिथे वर्षानुवर्षं राहायचंय. सेक्रेटरींना तिच्याकडून आधी एक फोन जाऊ द्या, आणि लिफ्टमध्ये दुसरं कुणी असेल तर पुढच्या फेरीला जा.

रानजाई | १६ एप्रिल

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस तुमचे प्रतिसाद आम्ही दोघांनी पुन्हापुन्हा वाचले.

डॉक्टर, तुम्ही लिहिल्यावर ब्रूनोला दाखवून आणलं. जिना चढल्यावर त्याची घरघर आम्हाला वयाची वाटत होती. आमच्या डॉक्टरांनी सध्या स्वरयंत्राची शंका सांगितली आहे, पुढची तपासणी व्हायची आहे. वजन कमी करायला सांगितलंय आणि उन्हात प्रवास नको असं स्पष्ट म्हणाल्या.

मामींना फोन केला. मावशीआजी, तुम्ही सांगितलं तसंच बोलले, खोलीचं आधी. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, 'रात्री तुम्ही बाहेर राहणार असाल तर मला बरं पडेल गं. कार्याच्या दिवशी सोवळ्याचा स्वयंपाक आहे, त्या दिवशी मात्र नकोत.' मग स्वतःहूनच म्हणाल्या की मामांना कुत्री फार आवडतात, त्यांच्या लहानपणी वाड्यात कुत्रं होतं, एरवी आणलीत तर ते दिवसभर अंगणात बसतील त्यांच्याजवळ. हे मला माहीतच नव्हतं.

तर असं ठरलंय: मेमध्ये आम्ही दोघंच जाणार. धाकटे दीर आमच्या घरी राहायला येतील, चिंगी त्यांच्या कुशीत झोपते, त्यामुळे तिची चिंता नाही. आणि डॉक्टरांनी परवानगी दिली तर डिसेंबरच्या शेवटी कुत्र्यांना घेऊन हाच प्रवास पुन्हा करायचा, कार्य नसताना, निवांत. आत्यालाही विचारलं. तिच्या सुनेने नाही म्हटलं, बाळ तोवर रांगत असेल, उभं राहत असेल. तिने सरळ सांगितलं हे मला आवडलं. आत्याकडे दुपारचं जेवण आळीपाळीने करू आणि मुक्काम बाहेर.

डिसेंबरसाठी काय बघावं लागेल?

पशुवैद्य लातूरकर | १६ एप्रिल

तपासून घेतलंत हे फार चांगलं झालं. आठ महिन्यांत वजन उतरवा, घरघरीवर त्याचाही परिणाम दिसतो. नागपूरला डिसेंबरच्या रात्री पारा दहाच्या खाली जातो. गावठी कुत्र्याच्या अंगावर केस कमी, चिंगीला फरशीवर झोपवू नका, जाड सतरंजी न्या. तिच्यासाठी आतापासूनच घरात एक क्रेट किंवा वर चादर टाकलेला कोपरा तयार करा. तिथे असताना तिला कुणीही हात लावायचा नाही, तुम्हीसुद्धा. डिसेंबरपर्यंत तो तिचा हक्काचा झाला की तोच सोबत न्यायचा, म्हणजे परक्या घरात तिला पलंग शोधावा लागणार नाही. काठीची भीतीही हळूहळू कमी करता येते: लांबवर काठी घेतलेलं माणूस, इकडे आवडीचा खाऊ, आणि ती स्वतःहून जवळ जाईपर्यंत अंतर कमी करायचं नाही. मामांना मेमध्ये भेटाल तेव्हा त्यांचा एखादा वापरलेला पंचा मागून आणा आणि तिच्या कोपऱ्यात ठेवा.

मावशीआजी | १७ एप्रिल

मामींसाठी मेमध्येच एक जुनी चादर आणि कुत्र्यांच्या पाण्याची भांडी तिथे ठेवून या. आपली भांडी त्यांना वापरावी लागणार नाहीत हे बघितलं की अर्धं ओझं उतरतं.

शेवंती | १७ एप्रिल

रामटेकला जायचा मोह होईल. गडावर माकडं फार आहेत, कुत्र्यांना नेऊ नका. पेंचला तर नेताच येत नाही. त्या दिवशी एकाने मागे थांबायचं, हे निघण्याआधीच ठरवून ठेवा.

वऱ्हाडी कापूस | १७ एप्रिल

डिसेंबरला येताय तर हुरड्याला आमच्या शेतावर या, मामा-मामींनाही आणा. फक्त शेतावर कुत्र्यांना पट्ट्यातच ठेवायचं. एक तर तुरीवर तेव्हा फवारणी चालू असते, बांधावर औषधाचे डबे आणि पाण्याचे ड्रम पडलेले असतात, त्यातलं पाणी प्यायलं तर काही खरं नाही. दुसरं, रानडुकरांसाठी लोक कुंपणाला तार लावतात. काही जण सोलर झटका मशीन लावतात, त्याने नुसता झटका बसतो. काही जण सरळ खांबावरून आकडा टाकून करंट सोडतात. ते बेकायदेशीर आहे आणि त्यात जनावरं आणि माणसंही मेली आहेत. म्हणून शेजारच्या शेतात तर अजिबात जाऊ द्यायचं नाही. आमच्याकडे सोलरचं मशीन आहे. तुम्ही याल त्या दिवशी ते बंद ठेवतो, फक्त आदल्या दिवशी इथे निरोप टाका.